जाळीवरची चिंधी

लेम्पी हिएताला वेलचीच्या पावाचं पीठ मळत होती आणि गॅरेजमधल्या इंजिनाच्या दोरीच्या ओढी मोजत होती. घर्रर्र, आणि गप्प. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा घर्रर्र. इंजिन सुरू होत नाही याचं तिला काही वाटत नव्हतं. दोन ओढींच्या मधली शांतता तिचा जीव खात होती. आत माणूस दम घेतोय की खाली पडलाय, हे बाहेरून कसं कळणार? पाचव्या ओढीनंतर ती शांतता फारच लांबली, तेव्हा ती पिठाच्या हातांनीच खिडकीशी गेली. गॅरेजच्या दाराच्या फटीतून निळसर धूर आला, त्यामागोमाग तिच्या नवऱ्याची, आर्वोची, शिवी आली, आणि तिच्या जिवात जीव आला. ती परत पिठाकडे वळली.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या पहिल्याच दिवशी, जंगलातल्या खोपीवर आर्वोला अर्धांगाचा झटका आला होता. ओठाचा वाकडा कोपरा महिन्याभरात सरळ झाला, पाय नाताळपर्यंत चालायला लागला, आणि उजवा हात ठणठणीत आहे असं आर्वोचं म्हणणं होतं. दवाखान्यातून पिळायला दिलेला रबरी चेंडू त्याने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला होता. कॉफीचा कप मात्र तो आता डाव्या हाताने धरायचा. लेम्पीने एकदा विचारलं, तर म्हणाला, "उजवा त्र्याहत्तर वर्षं राबला. आता डाव्याची पाळी." बायकोने हसावं अशी त्याची अपेक्षा होती, म्हणून ती हसली.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेतलं होतं. हातापायाचं काय ते सगळ्यांना दिसतं, ते म्हणाले, पण डोक्याचं पटकन दिसत नाही. विसरतात का, उलटसुलट करतात का, यावर लक्ष ठेवा. आता लेक, म्हणजे मार्लीन, राहते डुलुथला. इथून गाडीने साडेचार तास, बर्फ असला तर सात. तेव्हा लक्ष ठेवायचं काम आपोआप लेम्पीच्या गळ्यात पडलं. एकावन्न वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्याच्यावर पाळत ठेवायची. रविवारी चर्चहून आलं, आर्वो आडवा झाला, की मार्लीनचा फोन यायचा.

"मा, खरं सांग. विसरतो का तो?"

"कोण विसरत नाही? परवा मी माझा चष्मा पावाच्या डब्यात ठेवला."

"तुझं नाही विचारत मी."

मार्लीनने डुलुथमध्ये दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती. वयस्क माणसांसाठीच बांधलेली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडे. हो किंवा नाही ते जूनअखेर कळवायचं होतं. "युहानुसला मी येतेच आहे," ती म्हणाली होती. "पा कसा आहे ते स्वतः बघते, मग ठरवू." युहानुस म्हणजे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस, तळ्याकाठी जाळ करायचा सण. ठरवू म्हणजे काय, ते लेम्पीला न सांगता कळत होतं. हे घर, बटाट्यांचं वावर, सावनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोली, सगळं मागे टाकून तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचं. आर्वो तिथे वर्षभरही टिकणार नाही, असं तिला वाटायचं. आणि इथे, जानेवारीत, छातीएवढ्या बर्फात तो एकटा कुठे पडला तर? तेव्हा तर तासभरही टिकणार नाही. दोन्हीकडून भीतीच होती, आणि ती घेऊनच लेम्पी रोज पीठ मळत होती.

आर्वोला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात ट्रॅक्टर होता.

बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन मागच्या उन्हाळ्यात जाम झालं होतं. चाकं, सांगाडा, गिअर सगळं शाबूत, फक्त पुढे इंजिनाच्या जागी भोक. शेजारच्या एल्मर कांगासच्या बर्चच्या झाडाखाली एक जुनी स्नोमोबाइल सात-आठ वर्षं गवतात बसून होती. तिचा खालचा रबरी पट्टा उंदरांनी खाल्लेला, पण बर्फावरून पन्नास-साठच्या वेगाने पळवणारं दोन सिलिंडरचं इंजिन अजून फिरत होतं. आर्वोने ते काढून आणलं. बत्तीस वर्षं त्याने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं मशीन चालवलं होतं. त्यात त्याचे कान गेले, पण यंत्राला तो भीत नसे. "बर्फ सहा महिने असतो आणि बटाटे चार," तो म्हणाला. "एकाच इंजिनाने दोन्ही नोकऱ्या केल्या तर काय बिघडलं?"

एप्रिलच्या शेवटी ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तो दिवस लेम्पीला चांगला आठवतो. एल्मर मदतीला आला होता. सुरू करायची दोरी आर्वोने त्याच्याच हातात दिली. "इंजिन तुझं होतं, मान तुझा," म्हणाला. एल्मरने ओढली, पण भीतभीत, अर्धीच. इंजिनाने उलट झटका दिला, दोरी हातातून हिसकली, आणि एल्मर बोटं झटकत गोल फिरला.

"आजीची ओढ," आर्वो म्हणाला.

इथे गावात याहून मोठा अपमान नाही. हिवाळ्यात कोणाच्या अंगणात दोरी अर्धवट ओढली गेली की शेजाऱ्याच्या खिडकीतून हाच शब्द येतो. आर्वोने तो उभ्या जन्मात निदान हजार जणांना ऐकवला असेल. एल्मर लाल झाला, पाय रोवून त्याने पुन्हा ओढली, आणि इंजिन असं काही कडाडलं की छपरावरचा उरलासुरला बर्फ खाली आला. लेम्पी कॉफी घेऊन शेजारीच उभी होती. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पंख्याने तिचा एप्रन ओढून घेतला आणि जाळीवर चिकटवून टाकला. ती सोडवायला बघते तो अजूनच घट्ट. आर्वो हसला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तो मोठ्याने, तोंड उघडून हसला. तेवढ्यासाठी तिने त्या यंत्राला माफ केलं होतं.

त्यानंतर मात्र आर्वोने एल्मरला बोलावलं नाही. गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचा आणि एकटाच खुडबुडत बसायचा. लेम्पीने एकच अट घातली. स्नोमोबाइलवर असते ती लाल वायर, टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची, तीही ट्रॅक्टरला लावायची. एक टोक इंजिनाच्या टोपणात, दुसरं चालवणाऱ्याच्या जाकिटाला. माणूस पडला की टोपण निघतं आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. "मी काय लहान आहे?" आर्वो म्हणाला. "लहान असतास तर तुझ्या आईला सांगितलं असतं," ती म्हणाली. त्याने वायर लावली.

मेच्या मध्यावर, एका शनिवारी दुपारी, लेम्पी सावनासाठी लाकडं नेत होती. इंजिन सुरू झालं. ट्रॅक्टर दारातून अंगणात आला, थांबला, आणि मग पुढे वावराकडे जायचा तो सरळ मागे आला. सावनाच्या तिन्ही लाकडी पायऱ्या मोडल्या. ती पायऱ्यांपासून चार पावलांवर होती. हातातली लाकडं तशीच टाकून ती धावली. आर्वो पांढरा पडला होता, पण धड होता.

"काय झालं?"

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. खाली गिअरच्या दांड्याकडे बघितलं आणि तो झटकन मधोमध आणला. "उलटा गिअर पडला," म्हणाला. "गडबडलो."

गडबडलो. बत्तीस वर्षं ज्याने बर्फाचं मशीन पुलावरून मागे घेतलं, ज्याने झोपेतसुद्धा गिअर चुकवला नसता, तो म्हणाला गडबडलो. त्या रात्री लेम्पीला झोप लागली नाही, आणि रविवारी फोन आला तेव्हा तिच्या तोंडून गेलं. पुढचा आणि मागचा गिअर त्याला कळला नाही, असं. पायऱ्या मोडल्या, असं. पलीकडे मार्लीनने पायऱ्यांचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." लेम्पीला बरं वाटलं नाही. आर्वो आत झोपला होता, आणि आपण त्याची चहाडी केली असं तिला वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात आर्वोने पंख्याच्या जाळीला एक चिंधी बांधली. जुन्या चौकटीच्या शर्टाची, तेलकट, बोटभर रुंद. "ही कशाला?" तिने विचारलं.

"काळ्या माशा हाकलायला."

काळ्या माशांना हाकलायला इंजिनाला चिंधी. लेम्पीने ते फोनवर सांगितलं नाही, पण मनात धरलं.

युहानुस शनिवारी होता. शुक्रवारपासूनच लेम्पीचे हात थांबेनात. खिडक्या पुसल्या, पाव भाजला, आर्वोचा निळा शर्ट इस्त्री केला. मार्लीनला सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे, म्हाताऱ्यांचं घर विस्कटलंय असं वाटता कामा नये. शनिवारी सकाळी तर तिने ट्रॅक्टरसुद्धा पुसला. आर्वो तळ्याकाठी जाळासाठी फांद्या रचत होता. पुसता पुसता ती चिंधी हाताला लागली. लेकीने ही बघितली आणि विचारलं, तर हा माशांचं काहीतरी सांगेल, आणि मग झालंच. लेम्पीने गाठ सोडली आणि चिंधी एप्रनच्या खिशात टाकली.

मार्लीन अकराला आली. गाडीतून उतरली ती आधी मोडलेल्या पायऱ्यांच्या जागी लावलेल्या नव्या फळ्यांकडे बघत. आर्वोला मिठी मारली आणि मिठीतूनच त्याचा चेहरा निरखला. लेम्पीने ते बघितलं आणि नजर वळवली.

अंगणात, वावराच्या कडेला, टेबल मांडलं होतं. कॉफी, पाव, थंड मासे, ताकाचं चीज. मार्लीन मोठ्या हौसेने खात होती आणि मधेमधे सहज विचारल्यासारखं विचारत होती.

"पा, आज तारीख किती?"

"युहानुस आहे. तारीख विचारायला डुलुथहून आलीस?"

"एल्मरच्या बायकोचं नाव काय रे? विसरले मी."

"मीही विसरायचा प्रयत्न करतोय," आर्वो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, जमत नाही."

मार्लीन हसली, पण डोळे हसले नाहीत. तिच्या पर्समधून एक लांबट पाकीट, त्या जागेच्या कागदांचं असणार, डोकावत होतं. लेम्पीने हातातला पाव ताटात ठेवून दिला. सगळं ठीक चाललंय, ती स्वतःला सांगत होती, तारीख सांगितली, विनोद केला, आता फक्त हा दिवस निघू दे.

तेवढ्यात आर्वो उठला. "चला. बटाट्यांना भर लावायची आहे. बघ तुझ्या बापाने काय बनवलंय ते."

"आत्ता कशाला?" लेम्पी म्हणाली. "जेवण तरी होऊ दे."

"जेवण पळून जातंय का?"

ट्रॅक्टर टेबलापासून दोन-तीन पावलांवर, वावराकडे तोंड करून उभा होता. मार्लीन टेबलाजवळच्या बाकावर बसून होती, एक पाय बाकावर, हातात कप. आर्वोने दोरी धरली. उजव्या हाताने. लेम्पीला कळलं की ते लेकीसाठी आहे. पहिली ओढ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओढीनंतर तो थांबला, इंजिनावर वाकल्यासारखं करून दम खाल्ला. चौथ्या ओढीला इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. आर्वोने मान वर केली आणि जाळीकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग पुन्हा जाळीकडे, पुन्हा खाली गवतात, काहीतरी हरवल्यासारखं. क्षणभर तो तसाच उभा राहिला.

पुढे काय करायचं ते हा विसरला, लेम्पीच्या मनात आलं. तिने मार्लीनकडे बघितलं. मार्लीनने कप खाली ठेवला होता.

"पा? ठीक आहेस ना?"

"काय?" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नव्हतं. पण दोघी आपल्याकडे बघताहेत हे त्याला दिसलं. तो ट्रॅक्टरवर चढून बसला.

"वायर," लेम्पी ओरडली आणि पुढे झाली. लाल वायरीचं मोकळं टोक तिने उचललं आणि त्याच्या जाकिटाचा काज शोधू लागली. ती पंख्याच्या अगदी जवळ होती. तिच्या एप्रनवर, मांड्यांवर, गरम वारा आला. एप्रन फुगून मागे उडाला. गरम वारा बाहेर कसा येतोय, एवढंच तिच्या मनात आलं. काहीतरी चुकतंय हे तिच्या अंगाला कळलं होतं, डोक्याला अजून कळलं नव्हतं. ती वायरीचं टोक बोटांत धरून तशीच थबकली. आर्वोने गिअर टाकला आणि गॅस दिला.

ट्रॅक्टर मागे उसळला.

लेम्पीने काही पराक्रम केला नाही. तिने फक्त वायर सोडली नाही. वेटोळी ताणली गेली, टोपण निघालं, इंजिन गपकन बंद पडलं. तरी ट्रॅक्टर आपल्या जोराने दोन-तीन हात मागे गेलाच. टेबल आडवं झालं, कॉफीचं भांडं गवतात गडगडत गेलं. मागचं चाक बाकाच्या टोकाला टेकून थांबलं. मार्लीनचा पाय तिथून वीतभर अंतरावर होता.

आर्वो खाली उतरला. उतरताना त्याचा उजवा हात चाकाच्या पत्र्यावरून दोनदा घसरला.

"लागलं का तुला?" त्याने विचारलं. आवाज त्याचा नव्हताच.

"नाही." मार्लीन उभी राहिली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "पा, काय केलंस तू?"

"उलटा गिअर पडला," आर्वो म्हणाला. "गडबडलो मी."

मार्लीनने आईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. दोघींमध्ये आधीच ठरलेलं काहीतरी आता पक्कं झालं, एवढंच त्या नजरेत होतं. तिचा हात पर्सकडे गेला.

लेम्पीच्या हातात अजून ती लाल वायर होती. तिने गिअरच्या दांड्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. घाईत या वेळी आर्वोकडून तो मधोमध आणायचा राहिला होता. दांडा पुढे होता. पुढच्या पहिल्या गिअरमध्ये.

मग तिला सगळंच एकदम दिसलं. गरम वारा. एप्रन बाहेर उडाला, आत ओढला गेला नाही. पंखा उलटा फिरत होता, म्हणजे इंजिनच उलटं फिरत होतं, म्हणजे पुढचा गिअर टाकला तरी ट्रॅक्टर मागेच जाणार. आणि असलं इंजिन उलटं कधी सुरू होतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोरी जोर नसलेल्या हाताने, अर्धी ओढली तर. आर्वोला ते मेमध्येच कळलं होतं. कान साथ देत नाहीत म्हणून त्याने डोळ्यांसाठी चिंधी बांधली होती. चिंधी जाळीला चिकटली तर इंजिन सरळ, बाहेर फडफडली तर उलटं. आणि ती चिंधी लेम्पीच्या खिशात होती.

"गिअर बरोबर होता," ती म्हणाली.

"लेम्पी," आर्वो म्हणाला.

"मार्लीन, इकडे ये. दांडा बघ कुठे आहे तो."

"लेम्पी, गप्प बस. चुकलो म्हणून सांगितलं ना मी."

"तू चुकला नाहीस. इंजिन उलटं सुरू झालं होतं." ती दांड्यावर बोट ठेवून म्हणाली. "मेमध्येही तेच झालं. तुझ्या हातात जोर नाही. तुझं डोकं शाबूत आहे आणि हात गेलाय, आणि तू हात लपवायला डोक्याला दोष दिलास."

आर्वोने कोणीतरी कानफटात मारल्यासारखी मान वळवली. तो लेकीसमोर उभा होता, इस्त्रीच्या निळ्या शर्टात, आणि त्याचा उजवा हात खाली लोंबत होता. लेम्पीला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. आणि तिला हेही कळत होतं, की न बोलून भागलं नसतं.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"मग ओढ पुन्हा."

तो हलला नाही.

लेम्पीने टोपण परत बसवलं, दांडा मधोमध आणला. खिशातून चिंधी काढून जाळीला बांधली. मग तिने दोरी धरली आणि मुद्दाम, एल्मरने ओढली होती तशी, अर्धी ओढली. दोनदा झटका खाल्ला, बोटं सुन्न झाली. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि चिंधी फडफडत बाहेर आली. तिने टोपण काढलं. मग टोपण पुन्हा बसवून, दोन्ही हातांनी दोरी धरून, एक पाय चाकाला लावून, एकाहत्तर वर्षांच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून ओढली. इंजिन कडाडलं. चिंधी जाळीला घट्ट चिकटली.

मार्लीन ते बघत होती. तीही याच अंगणात वाढली होती. सातव्या वर्षी तिने बापाची स्नोमोबाइल अशीच उलटी सुरू करून कोंबड्यांच्या खुराड्यात घातली होती. ते आठवत गेल्याचं तिच्या चेहऱ्यावर हळूहळू दिसलं. लेम्पीने टोपण ओढून इंजिन बंद केलं.

"मग मला फोनवर का सांगितलंस," ती आईला म्हणाली, "की त्याला गिअर कळत नाहीत म्हणून?"

इंजिन बंद झाल्यावरच्या त्या शांततेत ते आर्वोलासुद्धा नीट ऐकू गेलं.

"तू तिला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"दर रविवारी?"

"तू झोपलास की."

आर्वोने मान हलवली, जणू एवढंच हवं होतं. मग तो वळला आणि गॅरेजमध्ये गेला. दार लावून घेतलं.

उरलेला दिवसभर तिघं एकमेकांशी दाराआडून बोलावं तसं बोलली. संध्याकाळी जाळ पेटला, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, एल्मर आणि त्याची बायको आली. आर्वो जाळाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. लेम्पी त्याच्याकडे बघत राहिली आणि तो तळ्याकडे. घर वाचलं की गेलं, हा विचार आता दुसरा झाला होता. हा माणूस आपल्याशी पुन्हा पूर्वीसारखा बोलेल का, ही भीती पहिली झाली होती. घर राहिलं आणि त्यात हा असाच गप्प राहिला, तर ते तिसऱ्या मजल्यापेक्षा वाईट.

रविवारी सकाळी मार्लीन निघाली. पाकीट तिने बाहेर काढलंच नाही. "पहिला बर्फ पडला की पुन्हा येते," ती आईला गाडीशी म्हणाली. "तोवर मी कळवते त्यांना, की आता नको. पण मा, तो एकट्याने ते यंत्र सुरू करणार नाही. शब्द दे."

"मी कसा देऊ? त्याला विचार."

"विचारलं. तो म्हणाला, तुझ्या आईला विचार."

गाडी गेली. लेम्पी स्वयंपाकघरात आली, कालची भांडी पाण्यात टाकली, आणि सवयीने गॅरेजकडे कान लावून उभी राहिली. ओढ ऐकू आली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आत तो खाली पडला असेल, असं तिच्या मनात आलंच. ती हात न पुसता मागच्या दाराशी गेली.

ट्रॅक्टर अंगणात होता. ढकलत बाहेर आणलेला, वावराकडे तोंड केलेला. आर्वो त्यावर बसला होता. लाल वायर त्याच्या जाकिटाला लावलेली होती. डाव्या हाताने लावली असणार, काज ओढला गेला होता. तो तिच्याकडे न बघता समोरच्या बटाट्यांकडे बघत होता.

"भर लावायची राहिली आहे," तो म्हणाला.

लेम्पी गेली. चिंधी जागेवर आहे का ते बघितलं. पाय रोवला, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला कडाडलं. तिचा एप्रन जाळीला जाऊन चिकटला, चिंधीशेजारी.

आर्वोने चिंधीकडे बघितलं, एप्रनकडे बघितलं. मग उजवा हात उचलला. तो थरथरत वर आला, छातीपर्यंत, तेवढाच आला. तिला दिसेल असा त्याने तो तिथे धरून ठेवला. मग गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि डाव्या हाताने वरून दाबून दांडा पुढे ढकलला.

"ही आजीची ओढ होती," इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला. "मार्लीनला हेही कळव."